विश्लेषण : जुन्या गाडीचा काळा बंपर पांढरट का पडतो? पुन्हा काळा करण्याचा कोणता उपाय टिकतो आणि कोणता धुलाईबरोबर वाहून जातो?

इंजिन ठणठणीत, पत्र्याचा रंगही बऱ्यापैकी शाबूत. पण बंपर, आरशांची कव्हरं, चाकांवरच्या कमानी आणि पुढच्या काचेखालची वायपरची जाळी अशी राखाडी पडलेली असते की गाडी आहे त्यापेक्षा पाच वर्षं जुनी दिसते. विकायला काढली की घेणारा आधी तिथंच बोट ठेवतो. १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून गाडी आणखी पाच वर्षं वापरायची ठरवलेल्यांनाही हाच भाग खुपतो. मग कोणी डिझेलचा बोळा फिरवतं, कोणी खोबरेल तेल लावतं, कोणी सोशल मीडियावरचा व्हिडीओ बघून हीट गन मागवतं. यातलं काय चालतं, काय नाही आणि का, ते पाहूया.

मुळात हे प्लास्टिक असतं तरी कोणतं?

गाडीचा न रंगवलेला काळा भाग बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. धडक बसल्यावर तडकू नये म्हणून त्यात ईपीडीएम नावाचं रबर मिसळतात आणि ताठपणा यावा म्हणून टाल्क, म्हणजे टाल्कम पावडरमध्ये असतं तेच खनिज. तुमच्याकडे सुटा झालेला एखादा भाग असेल तर उलटा करून बघा. मागे साच्यातच उमटवलेली ‘पीपी’, ‘ईपीडीएम’, ‘टीडी२०’ अशी अक्षरं दिसतील. टीडी२० म्हणजे २० टक्के टाल्क. ही खूण पुनर्वापरासाठी असते, पण आपल्यालाही उपयोगाची आहे, कारण सगळंच काळं प्लास्टिक एका जातीचं नसतं. आरशांची कव्हरं आणि ग्रिल अनेकदा एबीएस किंवा एएसए या प्लास्टिकची असतात. थिनर पॉलिप्रॉपिलीनचं फारसं काही बिघडवत नाही, एबीएसला मात्र विरघळवून टाकतो. ‘बंपरला चाललं म्हणून आरशाला लावलं’ या न्यायानं बरीच कव्हरं वाया जातात.

कंपन्या हे भाग न रंगवता का ठेवतात, याचं उत्तर सरळ आहे. रंगाचा खर्च वाचतो. मारुती ८००, ऑम्नी, अल्टोच्या सुरुवातीच्या व्हेरियंटना काळे बंपर यायचे ते यासाठीच. डस्टर, इकोस्पोर्टसारख्या गाड्यांनी हाच काळा पट्टा चाकांभोवती आणि दारांच्या खालच्या कडेला नेला. खडे उडाले, पार्किंगमध्ये घासलं तरी रंग उडण्याची भीती नाही आणि गाडी दणकट दिसते. त्यामुळे आता राखाडी पडणारा भाग फक्त स्वस्त गाड्यांपुरता राहिलेला नाही.

मग ते पांढरं का पडतं?

पॉलिप्रॉपिलीन म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. या साखळीत ठरावीक अंतरावर असे कार्बन अणू असतात की त्यांना जोडलेला हायड्रोजन तुलनेनं सहज निसटतो. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून नेमकं तिथंच घाव घालतात. एक बंध तुटला की तयार झालेला फ्री रॅडिकल शेजारचा बंध तोडतो, तो पुढचा. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की लांब साखळ्यांचे तुकडे होतात, वरचा पातळ थर ठिसूळ होतो आणि त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. त्या थरातलं प्लास्टिक झिजून गेलं की आतलं पांढरं टाल्क उघडं पडतं. बोट फिरवल्यावर राखेसारखी भुकटी लागते ती यामुळेच.

कंपनीला हे माहीत नसतं असं नाही. प्लास्टिकमध्ये मिसळलेला कार्बन ब्लॅक, जो टायरमध्येही असतो, फक्त रंगासाठी नसतो. तो अतिनील किरण स्वतः शोषून घेतो. जोडीला फ्री रॅडिकलना आवरणारी स्टॅबिलायझर रसायनं घातलेली असतात. पण ती हळूहळू खर्च होतात. भारताच्या मध्य आणि दक्षिण भागात उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, म्हणजे ‘अतितीव्र’ या शेवटच्या गटात. नागपूर किंवा सोलापुरात उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि सोसायटीच्या तळघरात उभी राहणारी गाडी एकाच वर्षीची असली तरी त्यांचे बंपर एका वयाचे नसतात. एकाच गाडीतही फरक दिसतो. काचेखालची जाळी जवळपास आडवी असते, ऊन थेट झेलते, म्हणून ती सर्वांत आधी जाते. रोज एकाच दिशेला तोंड करून उभी राहणारी गाडी असेल तर एक बाजू जास्त पांढरी पडलेली दिसते.

गाडी धुतल्यावर तासभर काळी दिसते, ती का?

या प्रश्नात सगळ्या उपायांची किल्ली आहे. शाळेतली दगडी पाटी आठवा. ओल्या फडक्यानं पुसली की काळीकुळकुळीत, वाळली की पुन्हा करडी. पाटीचा रंग बदलत नाही, प्रकाशाची वाट बदलते. खडबडीत, भेगाळलेल्या पृष्ठभागावर प्रकाश पडला की तो सगळ्या दिशांना विखुरतो आणि आपल्याला पांढरट झाक दिसते. त्या भेगांत हवेऐवजी पाणी भरलं की विखुरणं कमी होतं. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, तेलाचा १.४७ च्या आसपास आणि पॉलिप्रॉपिलीनचा १.४९. भेगेतला पदार्थ प्लास्टिकच्या जितका जवळचा, तितकी भेग ‘अदृश्य’. म्हणून तेल पाण्यापेक्षाही काळं दाखवतं.

याचा अर्थ असा की गाडीचं प्लास्टिक आतपर्यंत अजून काळंच असतं, कारण कार्बन ब्लॅक पूर्ण जाडीत मिसळलेला आहे. गेलेला आहे तो फक्त वरचा थर. बाजारातले जवळपास सगळे उपाय या भेगा कशानं तरी भरतात, एवढंच. ते ‘कशानं तरी’ किती दिवस तिथं थांबतं, यावर पैसे वसूल होणं अवलंबून आहे.

प्लास्टिक उतरलंय की फक्त डाग आहेत?

पैसे खर्च करण्याआधी हे बघायला हवं. पत्र्याला लावलेलं वॅक्स किंवा पॉलिश शेजारच्या खरखरीत प्लास्टिकवर सांडलं की त्याच्या दाण्यांत अडकून पांढरे ओघळ दिसतात. बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षारही असेच पांढरे ठिपके सोडतात. हे प्लास्टिकचं म्हातारपण नव्हे. पॉलिशचे डाग नायलॉनच्या ब्रशनं आणि ऑल पर्पज क्लीनरनं निघतात. छोट्या डागावर शाळेचा खोडरबरही चालतो. क्षारांसाठी पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर लावून लगेच भरपूर पाण्यानं धुवा. इतकं केल्यावर आणि पूर्ण वाळल्यावरही भाग एकसारखा राखाडी दिसत असेल तर तो उन्हानं उतरलेला आहे, असं समजा.

खोबरेल तेल, डिझेल, बूट पॉलिश?

दिसायला लगेच फरक पडतो. पडणारच, पाटीवरच्या ओल्या फडक्याचाच हा प्रकार. पण पुढे काय होतं ते व्हिडीओत दाखवत नाहीत. खोबरेल तेल वाळत नाही, त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि दोनेक पावसांत ते निघून जातं. डिझेल आणि रॉकेल तर नकोच. ईपीडीएम रबराचं खनिज तेलाशी जमत नाही. ते तेल शोषून फुगतं आणि मऊ पडतं. दारांचं आणि काचांचं काळं बीडिंग याच रबराचं असतं. काही वॉशिंग सेंटरवर शेवटी डिझेलचं फडकं बंपरवरून, टायरवरून आणि बीडिंगवरून फिरवतात आणि गाडी ‘शोरूमसारखी’ परत देतात. सरळ नाही म्हणा. बीडिंग फुगून सैल झालं की पावसाळ्यात दारातून पाणी आत येतं आणि तो खर्च बंपरपेक्षा मोठा असतो. बूट पॉलिशमध्ये वॅक्स आणि रंग असतो. पहिल्या पावसात काळे ओघळ पांढऱ्या पत्र्यावर उतरतात, आणि बंपरला टेकून उभं राहणाऱ्याच्या पँटचं काय होतं ते वेगळंच.

दुकानातली बाटली आणि ‘सिरॅमिक’ यांत फरक काय?

दोनतीनशे रुपयांपासून मिळणाऱ्या ‘ट्रिम शाइन’, ‘बंपर पॉलिश’ अशा बहुतेक बाटल्यांत सिलिकॉन तेल असतं. हे प्लास्टिकला खात नाही आणि खोबरेल तेलापेक्षा जास्त टिकतं. पण शेवटी तेच : पृष्ठभागावर बसलेलं तेल. उन्हाळ्यात काही आठवडे, पावसाळ्यात काही धुलाया. घ्यायचीच असेल तर पाण्यात मिसळलेल्या, दुधासारख्या दिसणाऱ्या प्रकारातली घ्या. पेट्रोलियम सॉल्व्हंटच्या, पेट्रोलसारखा वास येणाऱ्या बाटल्या रबरापासून दूर ठेवा. आणखी एक मुद्दा फारसा सांगितला जात नाही. पुढे कधी बंपर रंगवायचा विचार असेल तर सिलिकॉन लावूच नका. त्याचा अंश राहिला तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि पेंटर वैतागतो.

ट्रिम कोटिंग हा वेगळा प्रकार आहे. बाटली लहान, किंमत बरीच जास्त. यातली रेझिन किंवा सिलिकावर आधारलेली रसायनं लावल्यावर कडक होतात, भेगांमध्ये घट्ट बसतात आणि साबणानं निघत नाहीत. काही कोटिंगमध्ये काळा रंगही मिसळलेला असतो. खूप पांढऱ्या पडलेल्या प्लास्टिकला ते बरे. कंपन्या एक-दोन वर्षांचा दावा करतात. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला तेवढं मिळेलच असं धरून चालू नका, पण महिन्यांत मोजावं इतकं तरी टिकतं. माझं मत विचाराल तर गाडी अजून तीन-चार वर्षं ठेवायची असेल तर दर महिन्याला ड्रेसिंग घासत बसण्यापेक्षा हे एकदा करावं. पुढच्या महिन्यात गाडी देऊन टाकायची असेल तर साधी बाटली पुरते.

हीट गनचा ‘चमत्कार’ खरा आहे का?

खरा आहे, म्हणूनच तो व्हिडीओ इतका फिरतो. राखाडी बंपरवरून गरम हवेचा झोत फिरतो आणि मागे काळा पट्टा उमटत जातो. यात वरचा भेगाळलेला थर वितळून पुन्हा सपाट होतो, म्हणजे भेग बाहेरच्या कशानं न भरता प्लास्टिकनंच भरली जाते. काहीच लावलेलं नाही, त्यामुळे पावसानं धुऊन जाण्यासारखं काही नाही.

मग अडचण कुठे? पहिली, पॉलिप्रॉपिलीन १६० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, तर घरगुती हीट गन ५०० अंशांच्या वर जाते. हात एका जागी दोन सेकंद जास्त थांबला की बंपरचा मूळ खरखरीत पोत जातो आणि तिथं गुळगुळीत, चकचकीत डाग राहतो. तो परत आणता येत नाही. पातळ भाग वाकतात. एबीएस तर १०० अंशांच्या जवळपासच मऊ पडायला लागतं. काचेखालच्या जाळीवर गन फिरवताना काच एकाच ठिकाणी तापली तर तडकू शकते. पार्किंग सेन्सर, दिवे, शेजारचा रंग हे सगळं वाचवावं लागतं. दुसरी अडचण मूलभूत आहे. वितळवलेला थर तोच जुना, तुटक्या साखळ्यांचा आणि स्टॅबिलायझर संपलेला. उन्हात तो नव्या प्लास्टिकपेक्षा लवकर उतरतो. काही महिन्यांनी पुन्हा गन, पुन्हा थोडा पोत कमी. असं दोन-तीनदाच करता येतं. ज्यांना करूनच बघायचं आहे त्यांनी आधी बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर करावं आणि झाल्यावर लगेच कोटिंग लावावं.

हेडलाइट घासून चकचकीत होतात, मग बंपर का घासू नये, असंही काही जण विचारतात. हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटची, पारदर्शक आणि गुळगुळीत असते. तिथं वरचा थर काढणं हाच उपाय. बंपरवर दाणेदार पोत असतो. पॉलिश पेपर लावला की तो कायमचा गेला.

सरळ काळा रंग मारला तर?

नीट केलं तर हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. नीट न केलं तर सर्वांत कुरूप. पॉलिप्रॉपिलीनच्या पृष्ठभागाची ऊर्जा कमी असते, म्हणजे त्याला काहीच सहज चिकटत नाही. कारखान्यात बंपर रंगवण्याआधी त्यावरून ज्योत फिरवून पृष्ठभाग ‘जागा’ करण्याची पद्धत आहे, यावरून अंदाज घ्या. आपल्याकडे त्याला पर्याय म्हणजे प्लास्टिक प्रायमर, ज्याला दुकानात ॲढिजन प्रमोटरही म्हणतात. तो न वापरता मारलेला स्प्रे पहिल्या प्रेशर वॉशला पापुद्र्यासारखा निघतो. कॅन निवडताना चकचकीत काळा नको, मॅट किंवा सॅटिन घ्या. थर पातळ द्या, नाहीतर दाणे बुजतात. पार्किंग सेन्सरवर चिकटपट्टी लावा. वायपरचे दांडे धातूचे असतात. त्यांना प्लास्टिकचा कोणताच उपाय लागू नाही. ते हलके घासून सरळ मॅट ब्लॅक मारावेत. दोन दारांमधल्या खांबावरची काळी पट्टी अनेक गाड्यांत चिकटवलेली फिल्म असते. ती फाटली असेल तर नवीन लावणं एवढाच मार्ग.

गाडीचा रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करावी लागते, त्यामुळे काही वाचक धास्तावतात. मूळचा काळा भाग पुन्हा काळा करणं म्हणजे गाडीचा रंग बदलणं नव्हे.

भाग बदलणं परवडतं का?

कित्येकदा हो, आणि हा पर्याय लोक सर्वांत शेवटी तपासतात. दारावरची पट्टी, आरशाचं कव्हर, वायपरची जाळी असे छोटे भाग खपणाऱ्या मॉडेलसाठी सहज मिळतात. डिटेलिंगवाल्यानं ‘ट्रिम रिस्टोरेशन’चा आकडा सांगितला की एकदा स्पेअर पार्टच्या दुकानात फोन करून नव्या भागाची किंमत विचारा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ या बाजारांत गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगितलं की काम होतं. बंद पडलेल्या मॉडेलचं मात्र अवघड. तिथं जुन्या गाडीचा काढलेला भाग घ्यावा लागतो आणि तो बहुधा तुमच्याइतकाच राखाडी असतो.

घरी करायचं ठरवलं तर

सकाळी लवकर, सावलीत आणि बंपर हाताला थंड लागत असताना सुरुवात करा. भर पावसाळ्यात कोटिंगच्या फंदात पडू नका, कारण त्याला सुकायला साधारण एक दिवस कोरडा लागतो. नेमके तास बाटलीवर असतात, तेच पाळा. शेजारच्या पत्र्याला मास्किंग टेप लावा. मग शाम्पूनं धुऊन, ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात मिसळून नायलॉन ब्रशनं घासा. फेस काळपट-तपकिरी निघेल. तो पांढरा येईपर्यंत पुन्हा घासा. खरं काम हेच आहे. नव्वद टक्के लोक इथं घाई करतात आणि नंतर बाटलीला दोष देतात (टक्केवारी माझी, अंदाजपंचे).

झालं की पाणी शिंपडून बघा. पाण्याचे मणी होत असतील तर जुनं ड्रेसिंग अजून शिल्लक आहे. पाणी सपाट पसरलं तर पृष्ठभाग मोकळा झाला. पूर्ण वाळू द्या, कपच्यांतलं पाणीसुद्धा. आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून फडक्यानं एकदा पुसा. हातमोजे घाला, कारण काळ्या रंगाचं कोटिंग बोटांवरून आठवडाभर जात नाही. स्पंजवर थोडंच घेऊन एकेक भाग करा, मिनिटा-दोन मिनिटांत जादाचं पुसून काढा, नाहीतर पट्टे राहतात. खूप उतरलेलं प्लास्टिक पहिला हात पिऊन टाकतं, तेव्हा दुसरा हात द्यावा लागतो.

एक सूचना गंभीरपणे घ्या. सिलिकॉनचा स्प्रे थेट गाडीवर मारू नका, फडक्यावर घ्या. चाकाजवळ फवारताना तो ब्रेक डिस्कवर किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर गेला तर ब्रेक लागताना फसगत होते. पुढच्या काचेवर गेला तर पावसात वायपर फिरल्यावर काच धुरकट दिसते. स्कूटरवाल्यांनी तर जास्तच जपावं. जुन्या स्कूटरचं पाय ठेवायचं काळं प्लास्टिक याच कारणानं पांढरं पडतं आणि लोक तिथंही हीच बाटली मारतात. पावसात ओल्या चपलेखाली तो भाग साबणासारखा होतो. पाय ठेवायची जागा, हँडलची ग्रिप, सीट आणि ब्रेकचे लिव्हर यांना काहीही चकचकीत लावू नका. राखाडी दिसली तरी चालेल.

जुनी गाडी घेताना हेच ज्ञान उलटं वापरा

विक्रीच्या आदल्या दिवशी बंपरवर ड्रेसिंग मारणं ही या धंद्यातली जुनी रीत आहे. त्यात बेकायदा काही नाही, पण त्यावरून गाडी तळघरात ठेवलेली होती की उन्हात तापलेली, हे झाकलं जातं. सोबत पांढरं सुती फडकं ठेवा आणि काचेखालची जाळी जोरात पुसा. फडकं तेलकट, काळपट झालं तर ताजं ड्रेसिंग आहे. मग ओल्या फडक्यानं साबणाचा हात फिरवून तो भाग वाळू द्या आणि खरा रंग बघा. बॉनेट उघडून जाळीची आतली, ऊन न लागणारी कडही बघा. ती मूळ काळी असते, बाहेरच्या भागाशी तिची तुलना करता येते. फरक मोठा असेल तर गाडीनं भरपूर ऊन खाल्लं आहे. मग दारांचं बीडिंग दाबून कडक झालंय का ते बघा, डॅशबोर्डवर भेगा आहेत का ते बघा, टपावरच्या रंगाची चमक तपासा आणि टायरच्या बाजूवर बारीक तडे शोधा. ऊन या सगळ्यांवर सारखंच पडलेलं असतं, आणि टायरचा संच बदलायचा खर्च बंपरच्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त आहे. भाव ठरवताना तो आकडा आधी मांडा.